क्रम सुधारण्याचं बटण

अर्न पेंगेलीच्या यादीत पहिलं घर दफनभूमीच्या मागचं. ठीक आहे, माणसाने कुठून तरी सुरुवात करावीच. दुसरं आणि तिसरं त्याच्या शेजारचं, तेही समजू शकतो. पण चौथं थेट नदीपलीकडे, रेल्वे फाटकाजवळ, आणि पाचवं पुन्हा अलीकडे, चर्चच्या पाठीमागे. सहावं कुठे, तर परत फाटकाजवळ. अशी एकशे त्रेसष्ट घरं. मध्येच कुठे कुठे लिहिलेलं, ‘मंगळवार, काही नाही’, आणि त्याखाली दोन रेघा. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाटलं, पानं उलटसुलट लागली असतील. दुसऱ्यांदा वाचल्यावर वाटलं, अर्नच उलटसुलट लागला असेल.

अर्न म्हणजे आमच्या मिराबिन कौन्सिलचा आग-प्रतिबंधक अधिकारी. नोव्हेंबर उजाडला की इथे उन्हाळा लागतो, गवत वाळायला लागतं, आणि डिसेंबरात एक काडी पडली तरी गाव जायला वेळ लागत नाही. म्हणून त्याआधी प्रत्येक मोकळ्या परसातलं गवत दहा सेंटिमीटरच्या आत आहे का, हे बघत हा माणूस एकतीस वर्षं हिंडला. यंदा तो निवृत्त होणार होता. त्याच्या डोक्यातलं सगळं नव्या सॉफ्टवेअरमध्ये घालायचं आणि ते चालवायला दोन माणसं तयार करायची, असं काम निघालं. आमची साहेब वेंडी मला म्हणाली, “लायल, दोन आठवडे पुरतील का?”

मी दफ्तर विभागातला माणूस. माझ्या फायलींची लेबलंसुद्धा एका रेषेत असतात. मी म्हणालो, “एक पुरेल.” हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

माणसं कोणती मिळाली तेही ऐका. एक ग्लेन, जलतरण तलावावरचा जीवरक्षक, कारण तलाव डिसेंबरपर्यंत कोरडा. दुसरी बेव्हरली, ग्रंथपाल, कारण ग्रंथालयाच्या छताचं काम चाललेलं. दोघांना एकेक टॅब आणि कमरेला लावायचं एक छोटं छपाई यंत्र दिलं, म्हणजे गवत वाढलेलं दिसलं की जागीच नोटीस छापायची आणि दाराला अडकवायची. ग्लेनला कोणी कुंपणाजवळ पळताना दिसलं की तो शिट्टी वाजवायचा. बेव्हरली प्रत्येक घरमालकाला आधी ओळखपत्र मागायची आणि नोटीस देताना हळू आवाजात बोलायची. सॉफ्टवेअरला मात्र दोघं आवडली. त्याला हवं होतं ते इतकंच, की फोटोत मोजपट्टी दिसली पाहिजे आणि एकही रकाना रिकामा राहता कामा नये. या बाबतीत त्याचे आणि माझे विचार अगदी जुळत.

राहता राहिला तो क्रम. तो मला झोपू देईना. एवढा विचित्र क्रम माणूस उगाच कशाला पाळेल? मी सरळ अर्नलाच गाठलं. तो कौन्सिलच्या आवारात गाडीचं टायर बघत होता.

“अर्न, ही यादी अशी का जाते?”

“अशीच जाते ती.”

“पण फाटकाजवळून चर्च, चर्चहून परत फाटक?”

“हं. लांब पडतं खरं,” तो म्हणाला आणि दुसरं टायर बघायला गेला.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा विचारलं. तो म्हणाला, यंदा पाऊस उशिरापर्यंत लागला. तिसऱ्या दिवशी विचारलं तर त्याने माझ्या आईची चौकशी केली. तिला जाऊन सहा वर्षं झाली आहेत.

मग मी गावात चौकशा सुरू केल्या. शेजारच्या कॉनला कुंपणावरून विचारलं. कॉनचं टोमॅटोपासून घटस्फोटापर्यंत प्रत्येक गोष्टीवर मत असतं, आणि ते तो न मागता देतो. यादीचं नाव काढताच तो टोमॅटोच्या वाफ्यात बसला. “लायल, चालत्या गाडीचं चाक काढून बघू नये,” एवढंच म्हणाला. बेकरीवाली म्हणाली, “घाई कशाला करतोस? अर्नला करू दे ना यंदा.” पोस्टातला माणूस म्हणाला, त्याला या विषयावर काही माहीत नाही, आणि हे सांगताना त्याने खिडकी लावून घेतली. सगळ्या गावाची अळीमिळी गुपचिळी. आणि माझा स्वभाव असा, की कोणी झाकण घट्ट लावलं की मला आतली बरणी दिसायला लागते.

मी जेवणाच्या टेबलावर गावाचा नकाशा पसरला आणि एकशे त्रेसष्ट टाचण्या टोचल्या. अर्न सावली बघून जात असेल? कुत्री टाळत असेल? रेल्वे फाटकाजवळ त्याची जुनी कोणी मैत्रीण असेल? ही शेवटची शक्यता मी बायकोला बोलून दाखवली. जनीन इस्त्रीच्या टेबलावर जेवण वाढत होती, कारण दुसरं टेबल उरलं नव्हतं.

“तिथे कोण राहतं माहितेय का तुला? धर्मगुरूंची सासू,” ती म्हणाली. “ब्याऐंशी वर्षांची आहे. लायल, तू त्याला विचारलंस, त्याने सांगितलं नाही. म्हणजे झालं ना उत्तर?”

याला उत्तर म्हणणारी माणसं दफ्तर विभागात टिकत नाहीत.

आणि मग ते बटण दिसलं. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात, हिरवं, त्यावर लिहिलेलं: ‘क्रम सुधारा’. मी ते दाबायच्या आधी दोन दिवस विचार केला असं मला सांगायचं आहे, पण ते खरं नाही. दाबल्याबरोबर सगळ्या रेघा सळसळल्या आणि एकामागून एक रस्ता अशी देखणी रांग लागली. प्रवास दोनशे बारा किलोमीटरवरून एकाहत्तरवर आला. अर्नला पाच आठवडे लागत, आम्हाला पाच दिवस लागणार होते. वेंडीने ते नगरसेवकांना सांगितलं. कौन्सिलच्या पत्रकात माझा फोटो छापून आला, हातात टॅब, चेहऱ्यावर दूरदृष्टी. अर्नने तो फोटो बराच वेळ पाहिला आणि म्हणाला, “चांगला आलाय.”

सोमवारी तपासणी सुरू झाली. संध्याकाळी ग्लेन आणि बेव्हरली परत आली तेव्हा चाळीसपैकी सदतीस घरं नापास. मी म्हणालो, मोजपट्टी उलटी धरली असेल. मंगळवारी तपासलेली पस्तीसच्या पस्तीस नापास. अर्नच्या काळात सबंध हंगामात अकरा-बारा नोटिसा निघत. बेव्हरलीच्या छपाई यंत्रातला कागद दोनदा संपला.

मी पास झालेल्या तीन घरांवर बोट ठेवलं. तिन्ही दफनभूमीच्या मागची. अर्नच्या यादीतली एक, दोन, तीन. मला कुतूहलाने घाम फुटला. पण त्याचा अर्थ काही लागेना.

गावाने मात्र माझा अर्थ लावला होता. बेकरीत मला नेहमीचा पाव न विचारता दिला जाई, तो आता विचारूनही संपलेला असे. आणि बुधवारी सकाळी कॉन दारात उभा. त्याच्या हातात माझी झुडपं छाटायची कात्री. चार वर्षांपूर्वी नेली होती त्याने. त्याने ती पायरीवर ठेवली आणि तो गेला. चार वर्षं मी ती परत मागत होतो, आणि परत मिळाल्यावर मला इतकं वाईट वाटेल असं वाटलं नव्हतं. परवापरवाच याच गावाने मला वाढदिवसाला केक पाठवला होता.

त्याच संध्याकाळी घरी आलो तर आमच्याही दाराला नोटीस. गवत: सत्तेचाळीस सेंटिमीटर. खाली बेव्हरलीची सही, आणि समासात ‘सॉरी’.

“हे कसं शक्य आहे?” मी म्हणालो. “आपलं मागचं गवत दर वर्षी बरोबर असतं. मी सप्टेंबरात एकदा यंत्र फिरवतो, की पुढे वाढतच नाही. ब्लेडला धार असली की—”

“गुरुवारपर्यंत थांब,” जनीन म्हणाली, आणि लगेच नळ सोडून भांडी घासू लागली.

“गुरुवारी काय आहे?”

“कुठे काय?”

“जनीन.”

“लायल, एकदा यंत्र फिरवलं की गवत वर्षभर वाढत नाही, असं तुला खरंच वाटत होतं?”

एकोणीस वर्षं वाटत होतं. मी ते कॉनलाही सांगितलं होतं, सल्ला म्हणून. तो काय मनात म्हणाला असेल, हे आठवून मला रात्री उगाच पाणी प्यायला उठावं लागलं.

गुरुवारी मी आजारी पडलो. अकरा वर्षांतली माझी पहिली आजारपणाची रजा. कपडे धुवायच्या खोलीच्या खिडकीत खुर्ची टाकून बसलो. जनीनने चहा आणून दिला. पावणेबाराला मागचं फाटक उघडलं. आधी एक काळा कुत्रा आला. त्याच्या मागून एक मेंढी, मग दुसरी, मग मी मोजायला लागलो. एकेचाळीस. सगळ्यात शेवटी काठी टेकत मिसेस थेल्मा क्रॅडक.

सगळं गाव एकमेकांना नावाने हाक मारतं, अगदी वेंडीलासुद्धा. पण मिसेस क्रॅडक म्हणजे मिसेस क्रॅडक, कारण अर्ध्या गावाला त्यांनी शाळेत शिकवलं आहे. मलाही. मी त्या मेंढ्यांमधून वाट काढत बाहेर आलो. माझ्या अंगात झोपायचे कपडे होते.

“आजारी आहेस ना?” त्या म्हणाल्या. “मग आत जा.”

“मिसेस क्रॅडक, हे कधीपासून चाललंय?”

“तू चौथीत होतास तेव्हापासून.”

मग एकेक टाचणी माझ्या डोक्यात जागेवर बसायला लागली. उन्हाच्या उतारावरचं गवत आधी वाळतं, म्हणून दफनभूमी आधी. फाटकाजवळ पाण्याचं कुंड आहे, म्हणून एक दिवसाआड तिकडे. चर्चच्या मागे शनिवारी जायचं नाही, तिथे लग्नं असतात. मंगळवारी काही नाही, कारण मंगळवारी मिसेस क्रॅडक पत्ते खेळायला जातात. मेंढ्या पुढे, आणि दोन दिवसांनी त्यांच्या मागून अर्न. अर्नच्या यादीत वेडंवाकडं काही नव्हतं, ती मेंढ्यांची यादी होती. मी ऑफिसात बसून उंटावरून शेळ्या हाकत होतो, आणि मेंढ्यांना मागे टाकून पुढे पळून गेलो होतो.

“पण मला कोणी सांगितलं का नाही?”

“स्थानिक नियम क्रमांक सात,” त्या म्हणाल्या. “गावठाणात परवान्याशिवाय जनावरं आणायला मनाई. त्या नियमाच्या पत्रकाखाली सही कोणाची आहे? तुझी. मग तुला कोण सांगणार? अर्नने सांगितलं असतं तर निवृत्तीच्या तोंडावर त्याचीच चौकशी लागली असती.”

एक मेंढी माझ्या चपलेशी गवत ओढत होती. मिसेस क्रॅडक तिच्याकडेच बघत पुढे बोलल्या, आणि त्यांचा शाळेतला आवाज जरा खाली आला.

“तुझ्या नोटिशीत दहा दिवसांची मुदत आहे, लायल. लोक घाबरले. ट्रॅक्टरवाल्याला बोलावून बावीस परसं कापून टाकली आतापर्यंत. माझी स्वतःची जमीन दोन एकर. या आठवड्यानंतर यांना घालायला माझ्याकडे काही नाही. सोमवारी सकाळी ट्रक येतोय. मंगळवारच्या बाजारात जातील.”

“सगळ्या?”

“चारच ठेवायच्या म्हटलं तरी त्यांना मी काय घालणार, आणि कोणत्या चार ठेवणार?” त्या म्हणाल्या. “मी त्यातल्या प्रत्येकीला नावाने ओळखते.”

मला फार लाज वाटली. चौथीत पाढा चुकल्यावर वाटायची तशी. मी झोपायच्या कपड्यांवरच कोट घातला आणि ऑफिसात गेलो.

ज्या सॉफ्टवेअरचा मी अभिमान बाळगला होता, त्याच्याशी इथून पुढे दोन दिवस मी कुस्ती खेळलो. नोटीस मागे घ्यायला कारण लागतं. कारणं यादीतूनच निवडायची: मालक मृत, घर नष्ट, पत्ता चुकीचा.

“मृत टाकू या,” ग्लेन म्हणाला. “नंतर जिवंत करता येईल.”

“एकशे चाळीस जण?” बेव्हरली म्हणाली. “त्यात आपले महापौर आहेत.”

परवाना काढावा, तर प्रत्येक परसासाठी वेगळा अर्ज आणि प्रत्येक अर्जाला अठ्ठावीस दिवस. हा नियम कोणी केला म्हणून मी फाईल काढली. टंकलेखन माझं होतं. शेवटी बेव्हरली सॉफ्टवेअरची सगळी नियमपुस्तिका पहिल्या पानापासून वाचत बसली. असं करणारी ती त्या कंपनीच्या इतिहासातली पहिलीच बाई असावी. शुक्रवारी दुपारी तिने पान एकशे बारावर बोट ठेवलं. घरमालकाने कौन्सिलच्या मान्यताप्राप्त कंत्राटदाराला काम दिलं असेल, तर त्या कंत्राटदाराची पाळी येईपर्यंत मुदत आपोआप वाढते, आणि कौन्सिलने नेमलेल्या कंत्राटदाराला वेगळा परवानाही लागत नाही.

“कंत्राटदार,” मी म्हणालो.

“रकाने भरायचे फक्त,” बेव्हरली म्हणाली.

यंत्रांची संख्या: एकेचाळीस. इंधन: लागत नाही. आवाज: मध्यम. शेवटची देखभाल: ऑक्टोबर, लोकर कातरली. आम्ही हे भरत असताना अर्न दारात येऊन उभा राहिला. त्याच्या काखेत एक शाळकरी वही होती.

“यात एकतीस वर्षांच्या तारखा आहेत,” तो म्हणाला. “कुठल्या परसात कधी शिरल्या, कधी निघाल्या. आणि हे बघ. एवढ्या वर्षांत गावात वणव्यासारखं दोनदा पेटलं. दोन्ही वेळा कापायच्या यंत्राचं पातं दगडावर लागून ठिणगी उडाली. मेंढीच्या दातातून ठिणगी उडालेली मी पाहिली नाही.”

“अर्न, मी तुला तीनदा विचारलं.”

“हो. चौथ्यांदा विचारतोस का म्हणून मी वाट बघत होतो,” तो म्हणाला. “तर तू बटण दाबलंस.”

मी त्याच्या हातातून वही घेतली आणि अर्जाला जोडली.

अर्ज वेंडीच्या टेबलावर गेला. तिने तो सावकाश वाचला. वही वाचली. ठिणग्यांच्या पानावर ती जास्त वेळ थांबली. मी हात मागे बांधून उभा होतो. तिने नाही म्हटलं असतं तर तिचं काही चुकलं नसतं, हेच सगळ्यात वाईट होतं.

“लायल, हा कंत्राटदार चार पायांचा आहे.”

“सॉफ्टवेअरमध्ये पायांचा रकाना नाही, वेंडी.”

तिने पेन उचललं आणि पुन्हा ठेवलं. “कंत्राटदार म्हणून नोंद करायची तर सगळे नियम लागू. काम सुरू करण्याआधी सुरक्षिततेचं प्रशिक्षण द्यावं लागतं. कामाच्या जागी असणाऱ्या प्रत्येकाला, प्रत्यक्ष. ते झाल्याची नोंद पडली की मान्यता निघेल. हिशेब तपासणीवाले मला सोडत नाहीत, तर मी तुला का सोडू?”

“प्रत्येकाला?”

“प्रत्येकाला,” वेंडी म्हणाली. ती चेष्टा करत होती की नाही, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

सोमवारी सकाळी साडेसात वाजता मी मिसेस क्रॅडक यांच्या मेंढवाड्यात प्लास्टिकच्या खोक्यावर उभा होतो. हातात टॅब, अंगात कौन्सिलचं चमकणारं पिवळं जाकीट. कुंपणाला गाव टेकलं होतं. कॉन होता, बेकरीवाली होती, जनीन होती. पोस्टातला माणूस पोस्ट बंद करून आला होता. अर्न जरा बाजूला. ट्रकही येऊन उभा राहिला होता. त्याचा मागचा फळा खाली टाकलेला, आणि ड्रायव्हर सिगारेट न पेटवता तोंडात धरून बघत होता. मेंढ्या माझ्यासमोर दाटीवाटीने उभ्या होत्या, कारण मिसेस क्रॅडकनी कुत्र्याला मागे बसवलं होतं.

मी वाचायला सुरुवात केली. एकूण चोवीस पानं. कामाच्या जागी मद्यपान करू नये. विजेच्या तारांपासून अंतर ठेवावं. उन्हात काम करताना टोपी घालावी आणि पाणी पीत राहावं. इथे कुंपणावरून कोणीतरी खोकलं. मी वर बघितलं नाही. खरं सांगतो, मी कौन्सिलमध्ये इतकी शांत सभा पाहिलेली नाही. एक म्हातारी मेंढी तर शेवटपर्यंत माझ्या तोंडाकडे बघत होती. सहकाऱ्याकडून गैरवर्तन झाल्यास वरिष्ठांना कळवावं, हे वाचताना मला त्या सगळ्यांबद्दल एकदम फार आपुलकी वाटली.

“काही शंका?” मी शेवटच्या पानावरचं वाचलं. रकाना होता, विचारणं भाग होतं.

कोणाला शंका नव्हती. मिसेस क्रॅडकनी स्वतःची सही केली, मग एकेचाळीस जणींच्या वतीने, एकेक नाव लिहून. त्याला पंधरा मिनिटं लागली, आणि तेवढा वेळ कुंपणावरचं कोणीही हललं नाही. मी नोंद पाठवली. पडद्यावर बारीक चक्र फिरत राहिलं. इथे नदीकाठी रेंज नेहमीच जेमतेम. मी टॅब डोक्यावर धरला. ग्लेनने खोक्यावर चढून माझ्या हातातून घेऊन आणखी वर धरला. मग तो म्हणाला, “आलं. मान्य.”

ट्रकवाल्याने तोंडातली सिगारेट काढली आणि खिशात ठेवली.

“तर मग मी काय करू?” त्याने मिसेस क्रॅडकना विचारलं. “चढवू का नको?”

त्यांनी काठीने वाड्याचं फाटक ढकललं. त्यांचा आवाज वर्गातला होता.

“तू जा बाबा,” त्या म्हणाल्या. “आम्हाला कामावर जायचंय.”